खरेदीदार किती?

पेणच्या शाखेत मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. कर्जाच्या अर्जाबरोबर एक पाहणी-तक्ता भरावा लागे. जामीनदार कोण, तारण काय, मागच्या तीन वर्षांचा ताळेबंद काय सांगतो, यावर वरिष्ठांची नजर असे. तक्त्याच्या तळाशी दोन छोटे रकाने होते. कच्चा माल कोणाकोणाकडून घेता? तयार माल कोणाकोणाला विकता? आम्ही तरुण अधिकारी तिथे 'स्थानिक बाजारपेठ' असे खरडून मोकळे होत असू.

एकदा हमरापूरकडचा एक गणपती कारखानदार खेळत्या भांडवलासाठी आला. कारखानदार म्हणायचे ते आपले पेणच्या रिवाजाप्रमाणे. घराला लागून एक लांबट शेड, घरातली पाच माणसे आणि हंगामात चार मजूर. मी तक्ता भरत होतो.

"माल कोणाला देता?"

"शेटला."

"आणि दुसऱ्या कोणाला?"

"दुसऱ्याला कसा देणार, साहेब? उचल शेटची घेतलीय ना."

दिवाळीनंतर मुंबईचा एक व्यापारी रोख रक्कम देऊन जाई. मग वर्षभर तयार होणाऱ्या कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या, मूर्ती त्याच्याच. भाव तो ठरवणार, मोजणी तो करणार, तुटफूट किती धरायची तेही तोच सांगणार. मुंबईत त्या मूर्ती स्वस्त मिळत. गिऱ्हाइकाची काहीच तक्रार नव्हती.

आमच्या मॅनेजरसाहेबांनी माझा तक्ता पाहिला, 'स्थानिक बाजारपेठ' हे शब्द खोडले आणि लाल शाईने तिथे 'एकच' असे लिहिले. म्हणाले, "याला गिऱ्हाईक एकच आहे. त्याने उद्या तोंड फिरवले, तर आपला हप्ता कुठून यायचा?" मागितलेल्या रकमेच्या निम्मे कर्ज मंजूर झाले. पुढच्याच वर्षी शेटने भाव पाडला. हप्ते थकले, मुदत वाढवून द्यावी लागली आणि वाढीव व्याज त्या घराने भरले. शेटचे नाव आमच्या कोणत्याही खतावणीत कधीच आले नाही.

मक्तेदारीविरोधी कायद्यावर अलीकडे बरेच वाचन झाले आणि प्रत्येक वेळी तो 'एकच' शब्द डोळ्यांसमोर आला. मक्तेदारी वाईट, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण ती नेमकी कशासाठी वाईट? तिच्यामुळे वस्तू महाग होते म्हणून, की एका माणसाच्या हाती दुसऱ्याच्या संसाराची दोरी जाते म्हणून? गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत कायद्याने या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. उत्तर बदलले की कायदा कोणाकडे पाहणार आणि कोणाकडे पाठ फिरवणार, हेही बदलते.

अमेरिकेत १८९० साली शर्मन कायदा झाला. सिनेटर शर्मन यांचे म्हणणे असे की, राज्यकारभारात जर आपण राजा सहन करत नाही, तर जीवनावश्यक वस्तूंच्या उत्पादनावर, वाहतुकीवर आणि विक्रीवर तरी तो का सहन करावा? गंमत अशी की त्याच १८९० साली आपल्याकडे मुंबई इलाख्याचा मिठाचा कायदा झाला. परवान्यावाचून मीठ पिकवणे हा गुन्हा. पेणच्या खाडीकाठच्या मिठागरांत राबणाऱ्यांच्या डोक्यावर त्या कायद्याचा पहारा होता. तिकडे सरकार राजाला हटवायला निघाले होते. इकडे सरकारच राजा होते. १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे करण्याचा निकाल कायम केला. तिचे रॉकेल महाग होते का? उलट, ते वर्षानुवर्षे स्वस्त होत गेले होते. लोकांची भीती दराची कमी आणि त्या कंपनीच्या ताकदीची जास्त होती.

स्वातंत्र्यानंतर आपण ही भीती थेट राज्यघटनेत लिहिली. अनुच्छेद ३९ सांगतो की संपत्तीचे आणि उत्पादनसाधनांचे केंद्रीकरण सर्वांना घातक होईल, अशी अर्थव्यवस्था चालू देऊ नये. त्यावर पहिला उपाय शोधला तो सरकारने मालक होण्याचा. यात रोह्याचा वाटा मोठा आहे. चिंतामणराव देशमुख जन्मले महाडजवळच्या नाते गावी. वडील रोह्याचे वकील. रिझर्व्ह बँकेचे हे पहिले भारतीय गव्हर्नर अर्थमंत्री असताना १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि १९५६ च्या जानेवारीत आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. २४५ लहानमोठ्या संस्था एका महामंडळात गेल्या. विम्यातली लबाडी थांबली, सामान्य माणसाचा पैसा सुरक्षित झाला, यात वाद नाही. पण २४५ दारांच्या जागी एकच दार उरले, हेही खरे. ते सरकारचे होते म्हणून आपल्याला त्याची भीती वाटली नाही. मी स्वतः राष्ट्रीयीकृत बँकेच्या पगारावर संसार केला, तेव्हा हे मी मोठ्या फुशारकीने सांगत नाही.

दुसरा उपाय १९६९ चा. मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ डॉ. आर. के. हजारी यांनी औद्योगिक परवान्यांचा अभ्यास केला आणि दाखवून दिले की मोठी घराणी एकाच वस्तूसाठी अनेक अर्ज करून परवाने अडवून ठेवतात. कारखाना उभा राहत नाही, पण दुसऱ्यालाही उभारता येत नाही. महालनोबिस समिती, दासगुप्ता आयोग, दत्त समिती या सगळ्यांचा सूर थोड्याफार फरकाने तोच होता. जुलैत चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि वर्षअखेरीस एमआरटीपी कायदा संमत झाला. वीस कोटींहून अधिक मालमत्ता असलेल्या उद्योगसमूहांना विस्तार करायचा, दुसरी कंपनी घ्यायची, तर आधी दिल्लीची परवानगी घ्यावी लागे. कायद्याचा प्रश्न सरळ होता: तुम्ही केवढे आहात? सरकारी उद्योगांना मात्र तो प्रश्न विचारलाच जात नसे. १९९१ पर्यंत ते कायद्याच्या बाहेर होते.

या कायद्याचे काय झाले, ते साठीच्या आसपासच्या वाचकांना सांगायला नको. बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणारी घरे आपण पाहिली आहेत. मुलीच्या लग्नाच्या बैठकीत स्कूटरपेक्षा स्कूटरच्या नोंदणी-पावतीला जास्त मान असे. कंपनी जास्त गाड्या बनवायला तयार, लोक घ्यायला तयार आणि मध्ये सरकारी फाइल. मोठ्यांना रोखायचे म्हणून केलेल्या व्यवस्थेत नव्यांना आत येता येईना आणि जुने मोठे निवांत राहिले. तेव्हा जे लोक आजही १९६९ कडे परत चला म्हणतात, त्यांच्याशी माझे जमत नाही.

अमेरिकेत दरम्यान वारे फिरले होते. रॉबर्ट बोर्क यांचे या विषयावरचे गाजलेले पुस्तक १९७८ मध्ये आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की या कायद्याचे उद्दिष्ट एकच असावे: ग्राहकहित. कंपनी मोठी असो, प्रतिस्पर्धी बुडोत. ग्राहकाला वस्तू स्वस्त आणि मुबलक मिळत असेल, तर न्यायालयाने हात घालू नये. हे उत्तर नीटनेटके होते, आकड्यांत मोजता येणारे होते. बँकेतल्या माणसाला अशा गोष्टी आवडतात. मलाही आवडली होती. रेगन यांच्या काळात ते तिथले अधिकृत धोरण झाले आणि १९९१ मध्ये, आपल्या पद्धतीने, आपल्याकडे पोहोचले. एमआरटीपीतली मालमत्तेची मर्यादा गेली आणि कंपन्यांच्या विलीनीकरणाला आधी परवानगी घेण्याची अटही गेली.

त्याचा पहिला मोठा प्रत्यय आपल्या न्हाणीघरात आला. १९९३ मध्ये टाटांची टॉम्को ही कंपनी हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन करण्याचे ठरले. हमाम आणि ५०१ बार एका घरचे, लक्स आणि लाइफबॉय दुसऱ्या घरचे. ते सगळे एका छताखाली आले. कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९९४ मध्ये हरली. विलीनीकरणाआधी तपासणी करण्याचे कलमच कायद्यात उरले नव्हते. आपल्याला काही फरक पडला का? साबण महागला म्हणून कोणी मोर्चा काढला नाही. निरमा होतीच. ग्राहकहिताच्या फूटपट्टीने पाहिले तर सगळे ठीक होते.

आता रोह्याच्या गाडीत बसू. पेण, कासू, नागोठणे, रोहा. नागोठण्याला १९८० च्या दशकाच्या अखेरीस आयपीसीएल या सरकारी कंपनीचा मोठा पेट्रोकेमिकल प्रकल्प उभा राहिला. उरणहून येणाऱ्या वायूपासून प्लॅस्टिकचा दाणा तयार होतो. आपल्या घरातली बादली, दुधाची पिशवी, पेणच्या पोह्यांचे पाकीट, सगळ्यांचे मूळ अशा दाण्यात. २००२ मध्ये सरकारने आयपीसीएलमधला २६ टक्के हिस्सा विकायला काढला. रिलायन्सची बोली सर्वांत मोठी होती, शेअरला २३१ रुपये, म्हणजे सुमारे १४९१ कोटी. इंडियन ऑइल आणि निरमा मागे पडल्या. २००७ मध्ये आयपीसीएल रिलायन्समध्ये विलीन झाली. घेणारी कंपनी आधीच या धंद्यात देशातली सर्वांत मोठी होती. आयात खुली आहे, सीमाशुल्क उतरते आहे, त्यामुळे दराला लगाम राहील, असा युक्तिवाद तेव्हा होता. तो चुकीचा होता असे मला म्हणायचे नाही. सर्वांत मोठी बोली स्वीकारली, यातही वावगे नाही. पण दाण्याच्या या धंद्यात आता दारे किती उरतील, हे विक्रीआधी अधिकृतपणे विचारणारे कोणी देशात नव्हते. जुना कायदा दात पाडलेला आणि नवा संसदेत अडकलेला.

नवा स्पर्धा कायदा २००२ च्या अखेरीस संमत झाला खरा. मग आयोगाचा अध्यक्ष न्यायाधीश असावा की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयात वाद झाला. कायद्यात दुरुस्ती झाली. मुख्य कलमे २००९ च्या मे महिन्यात लागू झाली आणि विलीनीकरणाची कलमे १ जून २०११ रोजी. म्हणजे १९९१ पासून मोजले तर वीस वर्षे कंपन्यांच्या एकत्र येण्याला आधी थांबवून विचारणारा कोणी नव्हता. नागोठण्याच्या अलीकडे, वडखळजवळ, डोलवीला इस्पातचा पोलाद कारखाना आहे. डिसेंबर २०१० मध्ये जेएसडब्ल्यूने इस्पातचा ताबा घेण्याचा करार केला. कलमे लागू व्हायला सहा महिने बाकी होते. इस्पात कर्जाखाली दबलेली होती; नवा मालक मिळाला नसता तर कामगार आणि बँका दोघेही अडचणीत आले असते. आयोगाने विचारले असते तरी कदाचित होच म्हटले असते. पण विचारले असते! एकाच महामार्गावर, तासाभराच्या आत लागणारे दोन महाकाय कारखाने याच पोकळीत हातांतून हातांत गेले.

या पोकळीतच, २१ सप्टेंबर २००८ रोजी, पेण तालुक्यातल्या २२ गावांत एक वेगळेच मतदान झाले. महामुंबई सेझसाठी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या जमिनी द्यायच्या की नाही, हे शेतकऱ्यांनी मतपत्रिकेवर सांगायचे होते. मोबदल्याचा भाव बाजारभावापेक्षा बरा आहे, असे समजावणारे पुष्कळ होते. तरीही मोठ्या बहुसंख्येने लोकांनी 'नको' म्हटले आणि तो सेझ झाला नाही. भाताच्या खाचरांचे अर्थशास्त्र त्यांना कळत नव्हते, असे काहींनी लिहिले. मला वाटते, ते चांगले कळत होते. जमीन घेणारा एकच आणि त्याच्यामागे भूसंपादनाचा कायदा उभा. अशा सौद्यात भाव कितीही असला तरी 'नाही' म्हणता येते की नाही, हा पहिला प्रश्न. याच जुन्या कुलाबा जिल्ह्यात, शेजारच्या अलिबाग तालुक्यात, चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला होता. सहा वर्षे उपासमार सोसली. पुढे १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा आला. आमच्याकडचा मक्तेदारीविरोधी कायदा कोणता, असे मला विचाराल तर मी आधी त्याचे नाव घेईन.

स्पर्धा आयोगाने पुढे मोठी कामे केली. संगनमत केल्याबद्दल सिमेंट कंपन्यांना २०१२ मध्ये सहा हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. त्यावर अपिले झाली, प्रकरण माघारी आले, २०१६ मध्ये पुन्हा दंड झाला. इथे ग्राहकहिताची फूटपट्टी चोख चालते. घर बांधणाऱ्याला पोत्यामागे किती जास्त मोजावे लागले, हे काढता येते.

पण मग असे धंदे आले की जे ग्राहकाकडून पैसेच मागत नाहीत. गुगलवर शोध घेण्याचे आपण काय देतो? काही नाही. दर शून्य, म्हणजे ग्राहक खूश, म्हणजे मक्तेदारी नाही? लीना खान या अमेरिकेतल्या विद्यार्थिनीने २०१७ मध्ये ॲमेझॉनवर एक दीर्घ लेख लिहून बोर्कच्या तर्काचा हा दुबळा दुवा दाखवला आणि चारच वर्षांत ती तिथल्या व्यापार आयोगाची अध्यक्ष झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधसेवेत गुगलची बेकायदा मक्तेदारी असल्याचा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय सांगताना कंपनीचे तुकडे करण्याचे मात्र टाळले. आपल्या आयोगाने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला. फोन बनवणाऱ्यांवर कोणत्या अटी लादल्या, दुसऱ्याच्या ॲपला जागा किती मिळते, हे त्यात तपासले गेले. दराऐवजी पुन्हा ताकदीकडे पाहिले गेले. शर्मन यांचा राजा मागच्या दाराने परत आला म्हणायचा.

माझा मूर्तिकार मात्र या सगळ्यात कुठेच सापडत नाही. तो ग्राहक नाही, विकणारा आहे. त्याचा तोटा हाच गिऱ्हाइकाचा फायदा. आपल्या स्पर्धा कायद्याच्या चौथ्या कलमात अन्याय्य दराबद्दल बोलताना 'खरेदी किंवा विक्री' असे दोन्ही शब्द आहेत, हे मी मुद्दाम उघडून पाहिले. गाजलेले खटले मात्र बहुतेक विकणाऱ्या बड्यांचे. आणि कलम वापरायचे म्हटले तरी तीस-चाळीस घरांना उचल देणारा शेट आयोगाच्या व्याख्येत 'वर्चस्व असलेला' कसा ठरणार? दिल्लीच्या आयोगाने प्रत्येक शेडमागे धावावे, अशी अपेक्षाही नाही. त्या माणसाला खरा उपाय होता तो दुसऱ्या उचलीचा, म्हणजे आमच्या बँकेचा. आम्ही निम्मेच कर्ज दिले. पूर्ण दिले असते तर त्याने शेटची उचल फेडली असती, हे मला आज वाटते. तेव्हा मॅनेजरसाहेबांचे म्हणणे बिनतोड वाटले होते. एकच खरेदीदार ही जोखीम म्हणून आम्ही कर्ज कमी केले आणि त्याला त्याच खरेदीदाराच्या दारात परत पाठवले.

म्हणून मला शेवटी माझ्याच घरचे बोलायचे आहे. २०१७ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातल्या २७ बँका होत्या; एप्रिल २०२० मध्ये त्या १२ झाल्या. कंपन्या एकत्र येतात तेव्हा स्पर्धा आयोग तपासतो. पण ३० ऑगस्ट २०१७ च्या अधिसूचनेने राष्ट्रीयीकृत बँकांच्या विलीनीकरणाला या तपासणीतून दहा वर्षांची सूट दिली. १९९१ आधी सरकारी उद्योगांना जो प्रश्न विचारायचा नाही असे ठरले होते, तोच प्रश्न पुन्हा एकदा विचारायचा नाही असे ठरले. भांडवल हवे, बुडीत कर्जे आवरायला हवीत, ही कारणे खोटी नव्हती. मी त्या टेबलावर बसलेलो आहे.

परंतु एका तालुक्याच्या गावी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन सरकारी बँकांच्या शाखा मी पाहिल्या आहेत. इकडच्या साहेबाने नाही म्हटले की माणूस कागदांची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत असे. तिकडचा साहेब थोडा वेगळा विचार करी. कधी त्याला वर्षाचे उद्दिष्ट गाठायचे असे, कधी नुसतेच इकडच्यावर कुरघोडी करायची असे. कारण कोणतेही असो, पुष्कळांची कामे त्या रस्ता ओलांडण्यात झाली. विलीनीकरणानंतर दोन्ही पाट्यांवर एकच नाव आले आणि वर्षभरात एक शाखा बंद झाली. ठेवीदाराचे व्याज पैशानेही कमी झाले नाही. दर मोजणाऱ्या कोणत्याही तक्त्यात हा बदल दिसणार नाही.

ती सूट २०२७ च्या ऑगस्टमध्ये संपते. वाढवून मागणारे येतील, कारणेही चांगलीच देतील. सूट वाढवू नये. राष्ट्रीयीकृत बँकांच्या पुढच्या विलीनीकरणाची फाइल आयोगाकडे जावी आणि तिथे एखाद्या अधिकाऱ्याने जिल्हा-जिल्हा, तालुका-तालुका घेऊन तो तळाचा रकाना भरावा. 'स्थानिक बाजारपेठ' असे न खरडता.